४२४३०६ : एका पत्त्याचे रसग्रहण

साक्री तालुक्यातल्या, पांझरेच्या खोऱ्यातल्या पिंपळनेरचा पिनकोड ४२४३०६. पाकिटाच्या तळाशी हे सहा आकडे आपण इतक्या सवयीने लिहितो, की त्यांत वाचण्यासारखे काही असेल ही शंकाही मनाला शिवत नाही. पण ओवी चरणाचरणाने उलगडावी तसा हा अंक सावकाश वाचून पाहा.

पहिला ४. देशाचे आठ भौगोलिक टपाल विभाग आणि नववा सैन्याचा. त्यांतला चौथा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा. गुवाहाटीत पेटीत पडलेले पत्र हाती आले, की तिथल्या सॉर्टरला पांझरा कुठून वाहते हे ठाऊक असावे लागत नाही. त्या एका चाराने त्याचे काम भागते. पुढे दोन आल्यावर नजर ठाणे-नाशिक-खानदेशाकडे वळते, तिसऱ्या आकड्याने ४२४ पुरे होते आणि थैली धुळ्याची ठरते. उरलेले ३०६ वाचायचे ते धुळ्यातच. साक्री ४२४३०४, पिंपळनेर ४२४३०६ : शेजारच्या दोन गावांची ताटातूट होते ती अगदी अखेरच्या आकड्यावर, तोवर दोघांची पत्रे एकाच थैलीत गुण्यागोविंदाने नांदतात. पारनेर तालुक्यात निळोबारायांचे पिंपळनेर आहे, बीड जिल्ह्यातही एक पिंपळनेर आहे. नुसत्या नावावर विसंबलेले पत्र कुठे-कुठे भटकले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

ही रचना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आलेली. टपाल खात्यातले हे वरिष्ठ अधिकारी केळशीचे, आणि संस्कृत कवी. उलटसुलट दोन्हीकडून वाचता येणारे विलोमकाव्यही त्यांनी रचले होते. आता पत्ता कसा लिहितो ते आठवा. आधी माणूस, मग गल्ली, गाव, तालुका, जिल्हा : लहानाकडून मोठ्याकडे. पिनकोड नेमका उलट्या दिशेने चालतो, देशाच्या विशाल भागापासून एका टपाल कचेरीच्या दारापर्यंत. विलोमकाव्याच्या कवीने पत्त्यालाच विलोम रूप दिले, असे म्हणण्याचा मोह मला तरी आवरत नाही.

या रचनेतली सर्वांत सुरस जागा मात्र जिल्ह्याच्या सीमेवर आहे. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण त्याचा पिनकोड ४२४१०१, म्हणजे धुळ्याच्या कुळातला. आणि धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा ४२५४०५, दोंडाईचाचा ४२५४०८, म्हणजे जळगावच्या पंक्तीतला. महसुली नकाशा मांडीवर घेऊन बसलेल्याला हा गोंधळ वाटेल. पण चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेचा फाटा जातो, आणि दोंडाईचा सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे, हे ध्यानात आले की आकडे बोलू लागतात. इथे कलेक्टर कोण हा प्रश्नच नाही. टपाल कोणत्या वाटेने सोयीचे, एवढेच पाहिले जाते.

आज पिंपळनेरच्या मोबाइलवर उमटणारे छायाचित्र शेकडो पाकिटांत विभागून येते, आणि इंटरनेटच्या त्या प्रत्येक डेटा-पाकिटाच्या माथ्यावरही असाच एक अंक असतो. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता बत्तीस बिटांचा. त्यातून सव्वाचारशे कोटींहून अधिक पत्ते संभवतात. पाकिटांना पुढची वाट दाखवणाऱ्या प्रत्येक यंत्राने, म्हणजे राउटरने, प्रत्येक पत्ता पाठ करायचा म्हटले असते तर जाळे स्वतःच्याच ज्ञानाखाली दबून गेले असते. १९९०च्या सुमारास राउटरांच्या सारण्या तशा फुगू लागल्याही होत्या. १९९३मध्ये पत्त्याचा आरंभीचा भाग हव्या त्या लांबीवर तोडून, हजारो पत्ते एकाच नोंदीत गोवण्याची रीत रूढ झाली, आणि आज साऱ्या जगाची वाट दाखवायला सुमारे दहा लाख नोंदी पुरतात. कोटींच्या पुढे लाख म्हणजे किती थोडे, हे आपण मनात घोळवून पाहावे.

त्यातही एक बारीक नजाकत आहे. एकाच पत्त्याला दोन नोंदी जुळल्या, तर राउटर अधिक लांब जुळणारी निवडतो. पिनकोडच्या भाषेत सांगायचे तर ४२ आणि ४२४ दोन्ही जुळत असतील तर मान ४२४चा. सर्वसाधारण नियम चालू असतानाच एखाद्या विशेष वाटेला अशी अलगद जागा मिळते, कुणाचा नियम न मोडता. आणि ही निवडही फक्त पुढच्या मुक्कामापुरती. मुंबईचा राउटर पाकीट पुढच्या राउटरच्या हवाली करून मोकळा होतो. संपूर्ण प्रवास वाटेतल्या कुणाच्याही डोक्यात नसतो, तरी तो घडतो.

वाट चुकली तर? दोन राउटर परस्परांकडे बोट दाखवत राहिले, तर पाकीट अनंतकाळ येरझारा घालील. म्हणून निघतानाच त्याच्यावर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो, बहुधा ६४ किंवा १२८. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, शून्य झाले की पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. ते कळवणे इतके उपयोगी, की वाटेतले मुक्काम शोधू पाहणारे मुद्दामच आयुष्य एक, मग दोन, मग तीन असे लिहून पाकिटे सोडतात, आणि पाकीट जिथे संपते तिथला राउटर बहुधा आपला पत्ता सांगून जातो.