मुरलीचा अंमल आणि गौळणींची संमती

रंगभूमीवर बाण सुटला म्हणजे तो लागला की नाही, हे बाण सोडणाऱ्याच्या हाती नसते. समोरचा नट कोसळला तर बाण लागला; तो उभाच राहिला तर चुकला. कोकणातील दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. तेथे हा व्यवहार स्पष्ट दिसतो. एकाने मायेचा पाश टाकला असे म्हणावे आणि दुसऱ्याने तो पाश आपल्या अंगाने दाखवावा, अशी ती देवघेव असते. शस्त्राची जी गोष्ट तीच अलौकिक संगीताची. एखाद्या पात्राच्या गाण्याने किंवा वादनाने भोवतालचे सर्व भारले जातात असे कथानक सांगत असेल, तर ते खरे करून दाखविण्याची जबाबदारी वाजविणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्या पात्रांवर अधिक असते. मराठी संगीत रंगभूमीविषयी लिहिताना आपण गाणाऱ्यावर पानेच्या पाने खर्च करतो. ऐकणारे पात्र त्या वेळी काय करीत होते, याची नोंद आम्हांस क्वचितच आढळते.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी रसिकास या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दूर जावे लागत नाही. वृंदावन येथून दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि तेथील रासमंडळ्या दिल्लीतही येऊन लीला करतात. रासलीलेत कृष्ण, राधा आणि सख्या यांची कामे लहान मुले करतात. मस्तकी मुकुट चढला की ते मूल ‘स्वरूप’ होते. वयोवृद्ध प्रेक्षकही त्याच्या पाया पडतात. आरंभी आरती व नृत्य होते, त्यानंतर एखादी लीला. एका बाजूस मंडळीचे स्वामी आणि त्यांचे साथीदार, म्हणजे समाजी, पेटी, पखवाज किंवा तबला आणि झांजा घेऊन बसलेले असतात. कृष्णाच्या हाती मुरली असते, ती तो ओठांशी नेतोही; परंतु नाद येतो तो समाजींच्या बाजूने. त्रैलोक्याला वेड लावणारी ती मुरली खरोखर वाजतच नाही! आणि तरीही प्रेक्षकाला ती वाजली असे वाटते, याचे कारण त्या क्षणी सख्या झालेल्या मुलांच्या माना वळतात, चालता चालता पावले थांबतात, एखादीचा हात ओढणीवरच राहतो. मुरली ज्या दिवशी मनाला भिडत नाही, त्या दिवशी दोष कृष्णाचा असतो असे आम्हांस वाटत नाही. त्या दिवशी सख्या नुसत्या रांगेत उभ्या असतात.

येथवर हा अभिनयाचा प्रश्न झाला. त्याच्या पोटात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा. एका पात्राच्या संगीताने बाकीच्यांची इच्छाशक्तीच हिरावून घेतली, तर त्या बाकीच्यांना नाटकात करावयाचे उरले काय? एकाने वाजवावे आणि इतरांनी डोलावे, एवढ्यावर खेळ भागत असेल तर ती कठपुतळी झाली. अनेक जण मिळून जो खेळ उभा करतात त्यात एकालाच असा सर्वंकष अधिकार देणे हे इतरांवर अन्यायाचे आहे, आणि खेळाला मारकही.

भागवतकाराला ही अडचण पुरेपूर कळली होती. दशम स्कंधाच्या एकोणतिसाव्या अध्यायापासून तेहतिसाव्यापर्यंत रासपंचाध्यायी आहे. तिच्या आरंभीच वेणुनाद होतो आणि गोपी निघतात. धार काढणारी धार टाकून निघते, चुलीवरचे दूध तसेच राहते, वाढणारी ताट सोडते, काजळ घालणारी ते अर्ध्यावर टाकते. वस्त्रे आणि अलंकार भलत्याच जागी चढतात. येथेच रासाला आरंभ झाला असता तर मुरली हे एक वशीकरणाचे यंत्र ठरले असते. परंतु गोपी समोर येताच कृष्ण त्यांना काय सांगतो? परत जा म्हणतो. रात्र घोर आहे, रानात श्वापदे आहेत, घरची माणसे शोधत असतील, पतिसेवा हा तुमचा धर्म आहे, असा उपदेश करतो. गोपी रडतात, रागावतात, आणि मग त्याला उत्तर देतात. चांगले युक्तिवादाचे उत्तर देतात. त्यानंतरच रास होतो. मुरलीने त्यांना घराबाहेर आणले खरे, परंतु त्या थांबल्या त्या स्वतःच्या निर्णयाने. आमच्या कचेरीत वरून आलेल्या कागदावर ‘पाहिले’ असे लिहून सही करण्याचा रिवाज आहे. गोपींची सही त्या जातीची नव्हती. ज्या मंडळ्या हा संवाद आटोपता घेऊन लगेच नृत्याकडे धावतात त्या प्रेक्षकांना खूश करीत असतील. लीलेचा कणा मात्र त्या काढून टाकतात.

महाराष्ट्राने याच प्रसंगाला आपल्या स्वभावाप्रमाणे वळण दिले. तमाशात गणानंतर गौळण येते. दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची म्होरकी मावशी, वाट अडविणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या. येथेही बोलणे बरेचसे ऐन वेळचे असते. मावशीचे काम पुरुष करतो. पदर डोक्यावर, कमरेवर हात आणि तोंडात सदैव प्रतिप्रश्न. गौळणी पदातून मुरलीने वेड्या झाल्याचे गातात आणि ही बाई कृष्णाच्या देवपणाचीच उलटतपासणी घेते. पांढरपेशा समीक्षकांनी तिला केवळ विनोदाचे साधन मानले. आमच्या मते ती गौळणीचा आधार आहे. मुरलीपुढे न विरघळणारे एक तरी माणूस रंगमंचावर असल्याखेरीज इतरांच्या विरघळण्याला किंमत येत नाही. भागवतात जो नकार स्वतः कृष्ण देतो, तो तमाशाने मावशीच्या तोंडी घातला, असेही म्हणता येईल. एकनाथांनी गौळणी लिहिल्या आणि भारुडेही लिहिली. देवाशी असे सलगीने भांडण्याचे बळ मराठीला त्या घरातून मिळाले असावे.

याच्या उलट टोकाला चित्रपट आहे. १९४३ च्या ‘तानसेन’मध्ये सैगलच्या दीपकाने दिवे पेटतात. १९५२ च्या ‘बैजू बावरा’मध्ये अकबराच्या दरबारात तानसेन आणि बैजू यांची स्पर्धा होते आणि संगमरवर वितळतो. गाणे अमीर खाँ आणि आपले दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचे. नौशादने त्या दोघांना समोरासमोर आणले हे त्याचे उपकारच. परंतु दगड वितळला म्हणून आम्ही हेलावत नाही. दगडाला नाही म्हणता येत नाही, मग त्याच्या हो म्हणण्यात नाट्य कसले? त्या प्रसंगात खरे नाट्य आहे ते दोन आवाजांत. अमीर खाँसारख्या गवयाने कथानकासाठी हार पत्करावी आणि ती हार स्वराची हानी न करता गावी, हे त्या चमत्कारापेक्षा कितीतरी अवघड आहे. रोमन कवी ओव्हिड दगडांच्या बाबतीत अधिक चतुर होता. त्याच्या काव्यात ऑर्फियसवर फेकलेले दगड गाण्याने मोहून त्याच्या पायाशी पडतात. मग चवताळलेल्या स्त्रिया ढोल आणि पावे यांचा असा गदारोळ करतात की गाणे ऐकूच येईनासे होते, आणि त्यानंतरचे दगड लागतात. तेथेही ऐकणे ही अट राहते.

मराठी नाटकात ही अट सर्वांत नेमकी पाळली गेली ती, आमच्या मते, पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात. डिसेंबर १९६७ मध्ये ते रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांची. त्यात चमत्कार नाही, दिवे पेटत नाहीत. परंतु खाँसाहेबांच्या हाती कट्यार आहे आणि त्या कट्यारीने एक खून माफ आहे. समोर सदाशिव गातो. म्हणजे या ऐकणाऱ्याला नाही म्हणण्याची पूर्ण मुभा आहे. शस्त्र आहे, परवाना आहे, रागही आहे. कट्यार चालत नाही ती याच कारणाने अर्थपूर्ण होते. वसंतरावांच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले ते योग्यच. पण त्या भूमिकेचा कस शेवटी ऐकण्यात लागतो.

राजधानीत अलीकडे कृष्णकथेवरील ज्या नृत्यनाटिका होतात त्यांतील अनेकींची साथ आधी ध्वनिमुद्रित केलेली असते. प्रकाशयोजना डोळे दिपविते, नर्तक तयारीचे असतात. पण मुद्रित मुरली कोणासाठी थांबत नाही. गोपीची मान वळण्यास अर्धा क्षण अधिक लागला तर रासलीलेतील समाजी ती ओळ पुन्हा घेतो. यंत्राला ते जमत नाही. परिणामी नर्तकी मुरली ऐकतच नाहीत, त्या मात्रा मोजतात. त्यांच्या डोळ्यांत ते दिसते.

परप्रांतातील आपल्या मंडळांना यातून एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. गणेशोत्सवात हौशी मंडळी गौळण बसवितात तेव्हा वेळ कमी म्हणून पहिली कात्री मावशीला लागते, कारण पद म्हणणारीचे पालक समोर बसलेले असतात आणि मावशीचे काम करण्यास कोणी पुरुष सहसा राजी नसतो. कात्री लावावयाचीच तर एखाद्या पदाला लावावी. लेखाशाखेतील एखाद्या वाकबगार गृहस्थास लुगडे नेसवावे, त्याला संवाद लिहून देऊ नयेत, आणि कृष्ण झालेल्या मुलाला एवढेच सांगावे की ही बाई तुझी मुरली ऐकेल याची खात्री नाही.