मृदू रॉक संगीतातील निमंत्रित गायक

रॉक संगीताचा आघात सौम्य करून सुरावट, स्वरमेळ व स्पष्ट शब्दोच्चार यांना प्राधान्य देणारा प्रकार म्हणजे मृदू रॉक होय. या प्रकारातील काही ध्वनिमुद्रिकांचा कर्ता गायक नसून संगीतरचनाकार असतो व प्रत्येक गीतासाठी तो वेगळा गायक निमंत्रित करतो. ॲलन पार्सन्स व एरिक वुल्फसन यांनी १९७५ मध्ये लंडन येथे सुरू केलेला ‘द ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट’ हा संच याचे ठळक उदाहरण होय. एडगर ॲलन पोच्या साहित्यावरील त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत (१९७६) खुनी निवेदकाचे गीत आर्थर ब्राउन याने किंचाळत्या आवाजात गायिले. पुढे ‘आय इन द स्काय’ (१९८२) या अधिक मृदू ध्वनिमुद्रिकेतील शीर्षकगीत वुल्फसनने स्वतः गायिले. अखेरचे निरोपाचे गीत मात्र कॉलिन ब्लनस्टोनच्या हळुवार कंठाकडे सोपविले. येथे गायक हा नटासारखा भूमिकेनुसार निवडला जातो. प्रत्येक गीताला त्यामुळे योग्य कंठ लाभतो. संचाला मात्र स्वतःचा असा एक कंठ उरत नाही.

मराठी भावसंगीतात याच्या उलट मांडणी आढळते. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त १९७४ मध्ये निघालेल्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत व लता मंगेशकर यांचा कंठ कायम असून निमंत्रित आहेत ते कवी. जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेले समर्थ रामदास (१६०८–८१), ब्रज भाषेतील कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज असे भिन्न काळांचे कवी तीत एकत्र येतात. एका कंठामुळे या विखुरलेल्या काव्याला एकसंधता लाभली, ही तिची मोठी मिळकत होय. परंतु रामदासांचे शिवस्तवन समकालीनाने राजाला उद्देशून केलेले, तर प्रतापराव गुजर व त्यांचे सहा साथी यांच्यावरील कुसुमाग्रजांची कविता जवळजवळ तीन शतकांनंतर केलेले स्मरण आहे. एकाच मधुर स्वरात दोन्ही ऐकताना हे अंतर पुसट होते आणि जांबच्या संताचा उपदेशकाचा करारी सूर गौरवगीतात विरून जातो.

तात्पर्य, निमंत्रित कंठाची कसोटी त्याच्या कीर्तीत नसून शब्द कोणाचे व कोणाला उद्देशून आहेत, हे श्रोत्यास ओळखू येण्यात आहे.