काळी माती, पांढरा कापूस आणि कॅमेरा

रोल गेला आणि त्याच्याबरोबर छायाचित्रांतला जिव्हाळाही गेला, असा सुस्कारा टाकणारे हौशी छायाचित्रकार आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातलाच, वीसएक वर्षे रोलवर आणि पुढली जवळजवळ तितकीच डिजिटल कॅमेऱ्यावर हौस भागवलेला. पण तो सुस्कारा मला पटत नाही. यंदा माझी आणि मित्रांची दोन्ही काळांतली चित्रे शेजारी शेजारी मांडून पाहिली, तेव्हा फरक निराळ्याच ठिकाणी दिसला.

आमच्याकडचे मुख्य दृश्य म्हणजे वेचणीला आलेला कापूस. खाली काळी माती, वर पांढरीशुभ्र बोंडे आणि डोक्यावर लख्ख ऊन. छायाचित्रकाराची याहून कठीण परीक्षा नाही. या परीक्षेत रंगीत निगेटिव्ह उदार असे. प्रकाश दोन स्टॉप अधिक पडला तरी बोंडाचा पोत ती जपून ठेवी; उणा पडला तर मात्र सावल्या गढूळ होत. म्हणून रोलवाल्यांचा मंत्रच होता : सावलीला पुरेल एवढा प्रकाश द्या, पांढऱ्याचे फिल्म पाहून घेईल. डिजिटलचा स्वभाव नेमका उलटा. सावलीतले बरेचसे मागाहून उजळून घेता येते, पण पांढरे एकदा जळले की तिथे काही उरतच नाही. जुनाच मंत्र नव्या यंत्रावर म्हणणाऱ्यांचे शेत चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसते, आणि दोष मात्र कॅमेऱ्याला! ज्यांनी बोंडाकडे पाहून प्रकाश मोजला, त्यांच्या चित्रांत वेचणाऱ्या बाईच्या ओटीतला कापूस बोटांनी चाचपून पाहावासा वाटतो.

आणि जिव्हाळ्याचेच म्हणाल, तर लक्ष्मीपूजनाची चित्रे पाहावीत. १०० किंवा ४०० एएसएचा रोल पणत्यांच्या उजेडाला पुरत नसे; फ्लॅश उडवावा लागे. त्या अल्बमांत आमची आजी पांढरीफटक, मागे भिंतीवर तिची काळी सावली, आणि पणत्या? त्या असून नसल्यासारख्या. आज ३२०० आयएसओवर, फ्लॅशवाचून, त्याच पणत्यांच्या उजेडात बायकांचे चेहरे उजळतात. रघु राय यांच्यासारख्या मातब्बराने २००३ साली डिजिटल कॅमेरा हाती घेतला तो पुन्हा ठेवला नाही, यात मला नवल वाटत नाही.

मग गमावले काय? माझ्या मते, नापसंत चित्रे. छत्तीस चित्रांतली दहा-बारा आम्ही छापून घेत असू. उरलेली निगेटिव्हच्या पट्टीत पडून राहत. तान्ह्या पोळ्याची अशीच एक पट्टी परवा उजेडापुढे धरली. लाकडी बैल ओढणारा मुलगा हललेला, म्हणून ते चित्र तेव्हा छापले नव्हते. पण त्याच्या मागे ओट्यावर वडील धोतराचा सोगा सावरत हसताहेत. छापून घेतलेल्या सगळ्या चित्रांत ते ताठ उभे आहेत. हसताना एवढे एकच. आज असे चित्र कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर पाहताक्षणी पुसले गेले असते. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली कोडॅकमध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तेवढी उसंतही आपण आता आपल्या चित्राला देत नाही.

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातून मित्र जी वाघांची चित्रे आणतात, त्यांत हे फार जाणवते. १९९७ साली अभयारण्य झालेले सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे ते रान. पण चित्रांत वाघाचे तोंड तेवढे, समोरून, मिशांच्या केसासकट रेखीव. सगळ्यांचे तेच. जंगल त्यांनी गाडीतच पुसून टाकलेले असते. एका मित्राच्या कार्डात मात्र, पुसायचे राहून गेलेले, एक चित्र सापडले. वाळल्या गवताचा पिवळा समुद्र, पलीकडे सागाची उघडी खोडे, आणि अगदी कडेला निघून चाललेल्या वाघाची पाठ. तो ते दाखवायलाच तयार नव्हता. यंदाच्या साऱ्या चित्रांत टिपेश्वर मला दिसले ते तेवढ्या एकात.