डॉ. भाऊ दाजींचे दोन निर्णय

डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याविषयीं लिहितांना 'रोगी तपासून उरलेल्या वेळांत त्यांनीं इतकें केलें' असें कौतुक करण्याचा प्रघात आहे. हें कौतुक नसून सवलत आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडींतील हे वैद्य. परंतु त्यांचे संशोधन संशोधनाच्याच कसोटीस लावलें पाहिजे. त्यासाठीं त्यांचे दोन निर्णय पुरेसे आहेत.

पहिला कालिदासाविषयींचा. राजतरंगिणींत विक्रमादित्यानें मातृगुप्त कवीस काश्मीरचें राज्य दिल्याची कथा आहे. हा मातृगुप्तच कालिदास, असें ठरवून डॉक्टरांनीं कवीस इसवी सनाच्या सहाव्या शतकांत बसविलें. परंतु कल्हण असें कोठेंहि म्हणत नाहीं; उलट शाकुंतलाचा टीकाकार राघवभट्ट मातृगुप्ताचीं वचनें निराळ्या नाट्याचार्याचीं म्हणून देतो. पुढें मंदसोरचा मालव संवत् ५२९ (इ. स. ४७३) चा लेख उजेडांत आला. त्यांतील वत्सभट्टीच्या श्लोकांवर कालिदासाची छाया बहुतेक विद्वानांस दिसते; तेव्हां सहावें शतक टिकत नाहीं.

दुसरा निर्णय आर्यभटाविषयींचा. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या १८६५ च्या नियतकालिकांतील निबंधांत डॉक्टर ग्रंथकाराचेच शब्द पुढें ठेवतात. कलियुगाचीं ३६०० वर्षें गेलीं तेव्हां आपलें वय २३ होतें, असें आर्यभट सांगतो, म्हणजे काल शके ४२१ आणि जन्म शके ३९८ (इ. स. ४७६). नांवहि 'आर्यभट्ट' नसून 'आर्यभट', हें त्यांनीं छंदाच्या आधारें दाखविलें. हा निर्णय आजहि अढळ आहे.

दोन्ही ठिकाणीं बुद्धि तीच आणि व्यासंगहि तोच. पहिल्यांत पोथीनें न सांगितलेलें पोथीकडून वदविलें. दुसऱ्यांत पोथी जें बोलली तेंच मोजून घेतलें. चुकीचें खापर वैद्यकीवर फोडतां येत नाहीं, तसें यशाचें श्रेयहि वैद्यकीस देतां येत नाहीं.

डॉक्टर १८७४ सालीं वारले. त्यांच्या नांवाचा हस्तलिखितसंग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत आहे. पोथ्या जमविणाऱ्यांनीं त्याच्या संख्येपेक्षां हा भेद ध्यानांत ठेवावा. 'आर्यभट्ट' असें लिहिणारे अद्यापि पुष्कळ आहेत. म्हणजे त्यांचा टिकलेला निर्णयहि आपण पुरता वाचलेला नाहीं.