एका तारेचं वर्णन

मोडेम फोन लावायचा तेव्हा जो आवाज यायचा, त्याला आमच्या घरात ‘किंचाळी’ म्हणत. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, “लागलं का रे तुझं ते?” मला तो आवाज पहिल्या दिवसापासून आवडला. पुढे त्यातला एकेक तुकडा कळू लागला, तसा तो जास्तच आवडत गेला. जेमतेम वीस-पंचवीस सेकंदांचा ऐवज. बोलणारी यंत्रं त्यात दोन, पण त्यांच्या बोलण्याचा विषय एकच, त्या दोघांना जोडणारी तांब्याची तार. आपल्या घरातून निघून खिडकीखालून, खांबावरून, डीपीच्या डब्यातून एक्सचेंजपर्यंत जाणारी ही तार कशी आहे, याचं इतकं बारीक वर्णन मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत ते आलं १९९९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर. जुळवून घेतलेला पेंटियम, विंडोज ९८ आणि टेबलावर ठेवायचा ५६के मोडेम, पुढच्या बाजूला लाल दिव्यांची रांग असलेला.

सुरुवात डायल टोनने होते. आपल्याकडची डायल टोन ४०० हर्ट्झची आणि तिच्यात एक घरघर मिसळलेली. अमेरिकेत ती ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांची. त्यामुळे तिकडच्या सवयीच्या काही मोडेमना आपली टोन टोनच वाटत नसे. रिसीव्हर कानाला लावला तर टोन स्वच्छ, आणि पडद्यावर मात्र ‘एरर ६८०’, म्हणजे डायल टोन नाही. कित्येकांनी यावर फोनची वायर बदलली. खरा उपाय दोन अक्षरांचा होता. मोडेमच्या सेटिंगमध्ये ‘एक्स३’ लिहायचं, म्हणजे टोनची वाट न बघता तो नंबर फिरवतो.

मग आकडे. प्रत्येक आकडा दोन सुरांचा, एक वरचा आणि एक खालचा. इथे ऐकायचं ते असं, की पहिल्या आकड्याबरोबर डायल टोन तुटते की नाही. आकडे वाजून गेले आणि खाली टोन तशीच चालू राहिली, तर एक्सचेंज जुन्या पद्धतीचं आहे, त्याला सूर कळत नाहीत, ठोके कळतात. मग टोनऐवजी पल्स निवडायचं. नऊ दाबला की नऊ ठोके, सेकंदाला दहा या गतीने.

पलीकडून फोन उचलला की येतो तो सणसणीत, एकसुरी आवाज, २१०० हर्ट्झचा. कानाला टोचणारा हाच. पण नीट ऐकलं तर तो अखंड नाही. साधारण अर्ध्या सेकंदाला त्यात एक बारीकसा हिसका आहे. त्या क्षणी लहर उलटी फिरवलेली असते. हा हिसका आपल्या मोडेमसाठी नाहीच, तो वाटेतल्या टेलिफोन यंत्रणेसाठी आहे. माणसं बोलतात तेव्हा स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून यंत्रणा प्रतिध्वनी दाबत असते. हा सूर तिला सांगतो, की आता माणसं बोलणार नाहीत, तुझं काम थोडा वेळ थांबव. माणसांसाठी बांधलेल्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी यंत्राने घेतलेली ही परवानगी आहे, आणि तिचं सौजन्य मला आजही सुंदर वाटतं.

त्यानंतरची किरकिर म्हणजे ओळखपाळख. सेकंदाला ३०० बिट, म्हणजे मुद्दाम जुन्या आणि संथ बोलीत दोघं एकमेकांना विचारतात, तुला काय काय येतं? व्ही.३४ येतं? व्ही.९०? बोली संथ असल्यामुळे हा भाग वाईट लाइनवरसुद्धा निभावतो. म्हणूनच इथे गाडी अडली, पलीकडचा सूर पुन्हा पुन्हा येत राहिला आणि शेवटी ‘नो कॅरियर’ उमटलं, तर मी सरळ धरून चालायचो, की आपला आवाज तिकडे पोहोचतच नाही.

आणि मग माझा सगळ्यात लाडका भाग. दोन-तीन खणखणीत सूर, क्षणभर शांतता, आणि एकदम एक विचित्र, जाडसर गुंजन. हे गुंजन म्हणजे एकाच वेळी वाजवलेले एकवीस सूर. १५० हर्ट्झपासून ३७५० हर्ट्झपर्यंत, दर १५० हर्ट्झवर एक, मधले चार वगळून. एक मोडेम हे सगळे ज्ञात सूर तारेवर सोडतो, आणि पलीकडचा बघतो, की कुठला सूर धड पोहोचला, कुठला दबला, कुठला खरखरीत बुडाला. मग पाळी उलटते. टेलिफोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच धड जातं, हे पुस्तकातलं झालं. आपली तार कुठे कमी पडते, हे मात्र इथेच ठरतं, आणि प्रत्येक वेळी नव्याने. सकाळची तार वेगळी, पावसातली वेगळी. फिनलंडच्या ऊना रायसानेन यांनी २०१२ मध्ये या संपूर्ण आवाजाचं चित्र काढून त्यातला टप्पान् टप्पा उलगडून दाखवला. त्या चित्रात हे सूर एकाखाली एक आडव्या रेघांसारखे दिसतात. ते पाहताना मला आमची स्वयंपाकघराची खिडकी आठवली.

कारण आमच्या तारेचा बिघाड तिथे होता. जुलैमध्ये पाऊस लागला की जोडणी ३१,२०० वरून २६,४०० वर, मग १९,२०० वर यायची, आणि संध्याकाळी तर जुळून तुटायची. मी खूप काही केलं. समांतर लावलेला आतल्या खोलीतला फोन काढला. एखादा आकडा दाबून टोन बंद केली आणि त्या शांततेत कान देऊन खरखर मोजली. तक्रार नोंदवल्यावर चौथ्या दिवशी लाइनमन आले, पन्नाशीचे. मी त्यांना सांगितलं, “काका, बोलायला फोन चांगला आहे, पण कॉम्प्युटर लागत नाही.” ही तक्रार ऐकून पुष्कळ जण निघून गेले असते. ते म्हणाले, “लाव बघू. मी ऐकतो.” आणि त्यांचा तपासणीचा हँडसेट घेऊन ते जिन्याखाली डीपीपाशी गेले.

वर मोडेम लागला, खाली ते ऐकत होते. मग ते वर येऊन रोझेटपाशी, म्हणजे फोनच्या भिंतीवरच्या डबीपाशी बसले. “परत लाव.” पुन्हा ऐकलं. “खाली ठीक वाटतंय, इथे दबतंय,” ते म्हणाले आणि बाहेरची वायर चाचपत स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत गेले. तिथे कुणीतरी पूर्वी दोन तारा नुसत्या पिळून जोडल्या होत्या. वरची पट्टी सुटलेली, तांबं हिरवं पडलेलं. त्यांनी हिरवा भाग कापला, तार खरवडली, नवा जोड दिला. एकवीस सूर, त्यांचे आकडे, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पण तोच आवाज दोन ठिकाणी ऐकून ‘इथे दबतंय’ म्हणणं, हे तेच काम होतं जे मोडेम करत होता. या आवाजाचा इतका मोठा रसिक मला पुन्हा भेटला नाही.

शेवटचा भाग म्हणजे तो मोठा ‘खळ्ळ’ आवाज, सगळ्यांना आठवणारा. मोडेम इथे प्रतिध्वनी वजा करायला आणि तारेचा वाकडेपणा सरळ करायला शिकतात. हा आवाज मध्येच खचला आणि पुन्हा उठला, तर समजावं, की ठरलेली गती झेपली नाही, खालच्या पायरीवरून प्रयत्न चाललाय. अशा तारेवर ५६के चा हट्ट सोडून मोडेमला आधीच ३३.६ वर बांधून ठेवलेलं बरं. तशीही ५६के ची गती फक्त उतरत्या दिशेला असते, आणि आपल्या एक्सचेंजपासून पुढची वाट पूर्ण डिजिटल असली तरच.

इथवर सगळं नीट ऐकू आलं, म्हणजे तार निर्दोष. मग ‘६९१’ आला तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय, बहुतेक कॅप्स लॉक. जोडणी झाली पण पान उघडत नाही, तर टीसीपी-आयपीच्या खिडकीत शिरावं. आणि माऊस हलवला की लाइन तुटते, असं कुणी सांगितलं तर हसू नये. कॉम-१ वर माऊस आणि कॉम-३ वर मोडेम असेल, तर जुन्या मशीनमध्ये दोघांना प्रोसेसरचं लक्ष वेधायला आयआरक्यू ४ हा एकच मार्ग असतो.

जोडणी झाली की स्पीकर बंद होतो. तसं सेटिंगच असतं, ‘एम१’. जोड नवा झाल्यावर एका रात्री मी ते ‘एम२’ केलं, म्हणजे स्पीकर कायम चालू. टपाल उतरताना कसं वाजतं ते मला ऐकायचं होतं. बाहेर पाऊस होता. आत मोडेममधून एकसारखी सर वाजत राहिली, चढ नाही की उतार नाही. पत्र उतरताना तशीच, काही उतरत नसताना तशीच. माहिती तारेवर टाकण्याआधी मोडेम ती मुद्दाम विस्कटतो, तिच्यात कुठलाही ठेका राहू देत नाही. मी बराच वेळ कान लावून बसलो. शेवटी, काही येतंय की नाही, हे दिव्यांकडे बघून ओळखलं.