पडद्यावरचा कांदा

माध्यमिक शाळेतील जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत डिजिटल साधने आली, तेव्हा काहींनी त्यांना हारतुरे घातले, तर काहींनी नाके मुरडली. ही साधने कोणते काम करतात आणि कोणते करू शकत नाहीत, याची तपासणी मात्र थोडीच झाली. पेण आणि रोहा येथील काही शाळांचे वर्ग पाहिल्यावर ती करावीशी वाटली.

सी-डॅक, मुंबई आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांनी तयार केलेला ‘ओलॅब्स’ हा यातला नेटका प्रयत्न. नववी ते बारावीचे प्रयोग त्यात आहेत. सिद्धांत, कृती, चित्रफीत, पडद्यावर करून पाहायचा प्रयोग आणि तोंडी परीक्षेचे प्रश्न अशी मांडणी आहे. कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग त्यात माउसने होतो आणि विटांच्या भिंतीसारख्या पेशी समोर हजर होतात. कृतीचा क्रम मुलांच्या मनात पक्का बसतो, हे मान्य केले पाहिजे. चाळीस-पन्नास मुलांत दोनच सूक्ष्मदर्शक असतील, तिथे ही लहान गोष्ट नाही. विच्छेदनाबाबत तर मी पडद्याच्याच बाजूचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. बेडूक न मारता त्याचे हृदय दिसत असेल, तर शाळेने हट्ट कशाला धरावा?

आक्षेप वेगळा आहे. पडद्यावरचा कांदा कधी बिघडत नाही. खऱ्या पापुद्र्याला घडी पडते, काचेखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि काळ्या कडेचे ते वर्तुळ पेशी समजून मुले वहीत काढतात. पेशी कोणती, बुडबुडा कोणता, हे ठरवताना निरीक्षण सुरू होते. बुडबुडाच काढून टाकला, की उरते ती पाठ्यपुस्तकातली हलती आकृती.

दुसरा आक्षेप जागेचा. धरमतर खाडीच्या काठी तिवरे आहेत. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिवराचे पान जास्तीचे मीठ बाहेर टाकते. कोरड्या दिवशी त्याचे कण पानावर दिसतात. मनुका पाण्यात फुगते, मिठाच्या दाट पाण्यात आकसते, हा परासरणाचा प्रयोग मुले करतात. मग खाऱ्या चिखलातले तिवर का सुकत नाही? हा प्रश्न पडद्यावर नाही. शाळेजवळच्या खाडीत आहे.

तंत्रज्ञान इथेच खऱ्या कामाचे ठरते. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगावर मोबाइलचा कॅमेरा धरला, की एका मुलीने बनवलेली काचपट्टी अख्ख्या वर्गाला भिंतीवर दिसते. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेला कागदी ‘फोल्डस्कोप’ दप्तरातून खाडीवर नेता येतो. ही साधने डोळ्यांना मदत करतात. डोळ्यांची जागा घेत नाहीत.

दहावीच्या विज्ञानात १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे. प्रयोगवही उतरवून ते मिळवण्याची सवय संगणकाच्या आधीची आहे. संगणकाने ती फक्त सुबक केली. म्हणून परीक्षकाने एकच गोष्ट करावी : वही मिटायला सांगावी आणि म्हणावे, “तू बनवलेली काचपट्टी दाखव. त्यात तुला काय दिसलं, ते सांग.”