दगड थांबत का नाही?

देमेत्रिओ मासियास क्रांतीत उतरतो, तेव्हा त्याच्या डोक्यात कुठलाही 'वाद' नसतो. दोन मोनिको या गावच्या बड्या जमीनदाराशी त्याचं बिनसतं, सरकारचा ससेमिरा मागे लागतो, सैनिक घर जाळतात. एवढं झाल्यावर हा साधा शेतकरी दुसरं काय करणार?

मारियानो आस्वेला यांची 'लोस दे आबाखो' म्हणजे 'तळातली माणसं' ही कादंबरी १९१५ साली एल पासोच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः आली. आस्वेला पेशाने डॉक्टर. पान्चो व्हियाच्या बाजूने लढणाऱ्या एका तुकडीत त्यांनी जखमींवर उपचार केले होते. त्यामुळे त्यांच्या क्रांतीत घोषणा कमी आणि लूटमार, दारू, उपासमार जास्त आहे. क्रांतीवर भाषणं झोडणारा लुइस सेर्व्हान्तेस पैसा गोळा करून सीमेपलीकडे सटकतो. देमेत्रिओ मात्र लढतच राहतो.

शेवटी बायको त्याला विचारते, आता का लढताय? तो दरीत एक दगड भिरकावतो आणि तिला म्हणतो, बघ, तो थांबत नाही.

ही प्रतिमा वाचताना अंगावर येते. पण मला ती खटकतेही. दगड उतारावरून घरंगळतो हा निसर्गनियम झाला. माणसाच्या हिंसेलाही तोच नियम लावला, की उतार कुणी तयार केला हा प्रश्नच उरत नाही. 'माणूस असाच असतो' असं म्हणून आपण पुस्तक मिटतो, आणि दोन मोनिको सुटतो.

हुआन रुल्फो त्याला सुटू देत नाहीत. 'पेद्रो पारामो' (१९५५) मध्ये सशस्त्र क्रांतिकारक जमीनदाराच्या दारात येतात. तो त्यांना जेवू घालतो, मागतात त्याच्या दुप्पट पैसे कबूल करतो आणि वर आपली तीनशे माणसं देतो. म्हणजे क्रांतीत आता त्याचीच माणसं. पुढे सत्तेचं वारं फिरेल तशी ती बाजू बदलतात. जमीन आहे तिथेच राहते.

त्याआधीच्या एका कथेत तर क्रांती जिंकलेली आहे. सरकारने शेतकऱ्यांना जमीन दिलीय, पण कुठली? नांगर रुतणार नाही असा रखरखीत माळ. चौघे त्यावरून चालत राहतात. पावसाचा एकच थेंब पडतो. घोडे आणि बंदुका आधीच काढून घेतलेल्या. तक्रार केली तर साहेब म्हणतो, लेखी द्या.

ही ओळ वाचून हसू येतं, कारण हा साहेब आपल्या ओळखीचा आहे. आस्वेला क्रांतीचा थकवा दाखवतात. तो थकवा कुणाच्या फायद्याचा आहे, हे रुल्फो दाखवतात. रुल्फोंची माणसंही हताशच आहेत, पण त्यांच्या हताशपणाला पत्ता आहे, कागद आहे, सही आहे.

म्हणून 'लोस दे आबाखो' वाचावीच, पण तिथे थांबू नये. रुल्फोंची ती कथा अर्ध्या तासाची आहे. लगेच वाचली, तर देमेत्रिओच्या बायकोचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो, आणि या वेळी दगडाचं उत्तर पुरत नाही.